वस्त्रावरील मुद्रेचा टिकाऊपणा : परतवाडा-अचलपूर परिसराच्या संदर्भात व्हिनाइल छपाईतील दोषांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

घरी किंवा छोट्या दुकानात तयार केलेल्या टी-शर्टवर नाव, क्रमांक अथवा बोधचिन्ह उमटविण्यासाठी अलीकडच्या काळात ‘हीट ट्रान्सफर व्हिनाइल’ या पदार्थाचा वापर मोठ्या प्रमाणावर होऊ लागला आहे. शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सव मंडळ, कबड्डीचा संघ, लग्नातील वऱ्हाडी मंडळी अशा अनेक निमित्तांनी दहा-वीस शर्टांची मागणी निघते. एवढ्या थोड्या संख्येसाठी मोठा छापखाना काम घेत नाही. हे काम परतवाड्यासारख्या बाजारपेठेच्या गावातील लहान व्यावसायिक आणि घरबसल्या उद्योग करणाऱ्या स्त्रिया करू शकतात. यंत्रसामग्री थोडी लागते आणि काम शिकण्यास फार दिवस लागत नाहीत.

परंतु या व्यवसायात एक अडचण वारंवार अनुभवास येते. दुकानातून नेताना सुबक दिसणारे अक्षर दोन-तीन धुण्यांत कडेने सुटते, त्यावर फुगे येतात, पांढऱ्या अक्षरावर गुलाबी झाक चढते, किंवा अक्षर मुळात चिकटतच नाही. अशा वेळी दोष बहुधा यंत्राला किंवा व्हिनाइलच्या गुंडाळीला दिला जातो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, यांतील बहुतांश दोषांचे मूळ कापडात आणि कापडाच्या पूर्वतयारीत असते. हे ज्ञान नवे नाही. रंगारी, छिपे आणि वरठी यांच्या परंपरागत व्यवसायांत ते नित्याच्या आचाराचा भाग होते. गिरणीचे आणि तयार कपड्यांचे युग आल्यावर कापडाची ओळख कारागिराच्या हातून सुटली. आजचा व्हिनाइल-कारागीर ज्या अडचणींशी झगडतो, त्यांचा उलगडा या तुटलेल्या दुव्यात होतो.

परतवाडा-अचलपूर : कापूस आणि कापडाचा परिसर

अचलपूर हे वऱ्हाडचे जुने राजधानीचे नगर. इ. स. १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क याने येथे इमादशाहीची स्थापना केली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती जिंकून घेतली, तरी नगराचे महत्त्व पुढेही टिकून राहिले. इंग्रजी कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘एलिचपूर’ असा येतो. त्याच्या शेजारी एकोणिसाव्या शतकात निजामाच्या आणि पुढे हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेची छावणी वसली. हीच वस्ती परतवाडा म्हणून वाढली. छावणी उठल्यानंतरही मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या या गावाची बाजारपेठ टिकली. सातपुड्यातील सागवान आणि वऱ्हाडच्या मैदानातील कापूस या दोन्ही मालांचा मार्ग येथून जात असे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड ब्रिटिश प्रशासनाखाली आले. १८६० च्या दशकात अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उपस्थित होते. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या कंपनीशी संबंधित अरुंदमापी रेल्वेने अचलपूर मूर्तिजापूरशी जोडले गेले. हीच पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकप्रिय झाली. कापूस बाहेर जाण्याची सोय झाली, त्याच मार्गाने गिरणीचे कापड आत आले. हातमाग आणि रंगकाम यांवर या दुहेरी प्रवाहाचा परिणाम होणे अपरिहार्य होते.

अचलपुरातही गिरणी उभी राहिली. ‘विदर्भ मिल्स बेरार लिमिटेड’ ही ती संस्था होय. १९७४ च्या आजारी वस्त्रोद्योग राष्ट्रीयीकरण कायद्याच्या यादीत तिचा समावेश झाला आणि ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. कालांतराने महामंडळाने अचलपूर येथेच ‘फिनले मिल’ या नावाने आधुनिक गिरणी उभारली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तिचेही उत्पादन थांबले. कापूस पिकविणारा आणि एके काळी कापड विणणारा हा परिसर अंगावरच्या टी-शर्टसाठी मात्र दूरच्या होजिअरी-केंद्रांवर अवलंबून आहे. त्या टी-शर्टमध्ये सूत किती, पॉलिएस्टर किती आणि त्यावर कोणती रासायनिक प्रक्रिया झाली, हे छापणाऱ्यास ठाऊक नसते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

कापडात शिरणारा रंग : रंगाऱ्यांची पूर्वतयारी

भारतात सुती कापड पक्क्या रंगात रंगविण्याची विद्या अतिप्राचीन आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या पात्राला चिकटलेला मंजिष्ठेच्या रंगाचा सुती कापडाचा तुकडा मिळाला. तुरटीसारख्या रंगबंधकाच्या साहाय्याने रंग धाग्यास बांधणे हे या विद्येचे मर्म होते. सूत स्वभावतः अशा रंगांस धरून ठेवत नाही. तुरटीतील ॲल्युमिनिअम एका बाजूने धाग्याशी आणि दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याशी जोडले जाते व या दोहोंत दुवा निर्माण होतो.

वऱ्हाड व मध्य प्रांतात तांबड्या रंगासाठी आल वापरला जाई. हा रंग बारतोंडीच्या वर्गातील झुडपाच्या मुळांतून मिळतो. आलीचा रंग चढविण्यापूर्वी कापडावर जे संस्कार होत, ते येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. कोऱ्या कापडाची खळ प्रथम धुऊन काढली जाई. नंतर तेल आणि खार यांच्या मिश्रणात ते पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळविले जाई. त्यानंतर हिरड्याचे पाणी व तुरटी यांचे संस्कार होत. प्रत्यक्ष रंगकामास लागणाऱ्या काळापेक्षा या तयारीचा काळ मोठा असे. तयारी अपुरी राहिल्यास रंग डागाळतो, हे रंगाऱ्यास पक्के माहीत होते.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाति-जमातींवरील ग्रंथात छिपा, रंगारी, भावसार, निराळी व निळगर यांची एकत्र नोंद केली आहे. कापड छापणे, तांबडे रंगविणे आणि निळीत रंगविणे या कामांची विभागणी किती सूक्ष्म होती, याची कल्पना त्यावरून येते. प्रत्येक कामासाठी कापडाची तयारी वेगळी होती, म्हणून कारागीरही वेगळे होते.

या व्यवस्थेस पहिला धक्का रसायनशास्त्राने दिला. १८५६ मध्ये विल्यम पर्किन याने पहिला व्यापारी कृत्रिम रंग तयार केला. १८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतील ॲलिझरिन प्रयोगशाळेत बनविले. स्वस्त परदेशी रंगांपुढे आलीची लागवड टिकली नाही. रंग पुडीतून मिळू लागला. पुडीबरोबर कृती मिळाली, पण कापड ओळखण्याची दीर्घ उमेदवारी तिच्याबरोबर येणे शक्य नव्हते.

कापडावर चिकटणारी मुद्रा : खडीकाम आणि बिब्बा

रंग धाग्यात शिरविणे ही एक परंपरा झाली. आकृती कापडाच्या पृष्ठभागावर चिकटविणे ही दुसरी. खडीकामात लाकडी ठशाने डिंक, सरस किंवा उकळून घट्ट केलेले तेल यांचा चिकट थर कापडावर उठविला जाई आणि तो ओला असतानाच त्यावर सोन्याचांदीचा वर्ख अथवा चमकणारी पूड बसविली जाई. एक चिकट थर व त्यावर एक दर्शनी थर अशी ही रचना आजच्या व्हिनाइलचीच आहे. त्या दृष्टीने खडीकाम हा व्हिनाइल छपाईचा खरा पूर्वज ठरतो.

खडीच्या वस्त्राची मर्यादाही लोकांना ठाऊक होती. डिंकावर बसविलेला वर्ख पाण्याने सुटतो, तेलावर बसविलेला अधिक टिकतो. परंतु दोन्ही घासल्याने झिजतात. म्हणून अशी वस्त्रे समारंभापुरती नेसली जात आणि रोजच्या धुण्यात टाकली जात नसत. वस्तूची मर्यादा तिच्या वापराच्या रीतीतच सामावलेली होती. आज तेच तंत्र रोज घामाने भिजणाऱ्या आणि यंत्रात धुतल्या जाणाऱ्या शर्टावर वापरले जाते. साहजिकच चिकट थराकडून असलेली अपेक्षा अनेक पटींनी वाढली आहे.

याच्या उलट टोकाला बिब्ब्याची खूण आहे. मेळघाटासारख्या पानझडी जंगलांत बिब्बा होतो. त्याच्या रसाने कापडावर केलेली खूण चुन्याच्या संयोगाने काळी व पक्की होते. अनेक घरांचे कपडे एकत्र धुणाऱ्या वरठ्याला प्रत्येक घराची खूण ठेवण्यासाठी हा उपाय फार सोयीचा होता. बिब्ब्याच्या इंग्रजी नावातही खूण करण्याचाच अर्थ आहे. त्याच्या रसातील तेलकट द्रव्ये हवेशी संयोग पावून धाग्यातच घट्ट होतात, त्यामुळे ही खूण कापड फाटेपर्यंत जात नाही. घरगुती साधनाने प्रत्येक कपड्यावर वेगळी मुद्रा उमटविण्याचे हे जुने आणि यशस्वी उदाहरण होय. धाग्याशी एकरूप झालेली खूण टिकते व वर बसलेली खूण जपावी लागते, हा भेद या दोन उदाहरणांतून स्पष्ट होतो.

व्हिनाइलची घडण आणि नावाच्या शर्टाची हौस

विसाव्या शतकात पृष्ठभागावरील छपाईस नवे पदार्थ मिळाले. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन याने जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन याने पीव्हीसी लवचीक करण्याची रीत शोधली. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर याने पॉलियुरेथेनचा शोध लावला. १९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. हे दोघे ज्या संस्थेत काम करीत, ती मँचेस्टरच्या कापड-छपाई व्यवसायाचीच संघटना होती. १९५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांना असे आढळले की, पॉलिएस्टरसाठी वापरले जाणारे काही रंग उष्णतेने वाफ होऊन कागदावरून थेट धाग्यात शिरतात. वाफ होणाऱ्या रंगांचा हा गुण एका प्रकारच्या छपाईस वरदान ठरला. व्हिनाइल छपाईत तोच उपद्रवकारक ठरतो, हे पुढे दिसून येईल.

शर्टावर क्रमांक व नाव असण्याची रीत क्रीडाक्षेत्रातून रुळली. २५ ऑगस्ट १९२८ रोजी इंग्लंडमधील लीग फुटबॉलमध्ये क्रमांकाचे शर्ट प्रथम दिसले. भारतीय प्रेक्षकांच्या मनावर ठसा उमटला तो १९९२ च्या क्रिकेट विश्वचषकाने. त्या स्पर्धेत रंगीत गणवेशावर पाठीमागे खेळाडूंची नावे होती. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाल्यावर ही हौस गल्लीतल्या संघांपर्यंत पोहोचली. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ कार्यरत आहे आणि मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. खेळाची अशी परंपरा असलेल्या जिल्ह्यात संघाच्या शर्टाला मागणी असणे स्वाभाविक आहे. दरम्यान संगणकाच्या आज्ञेने पातळ पत्रा कापणारी यंत्रे लहान आकारात आली. २००६ मध्ये अमेरिकेत ‘क्रिकट’ हे घरगुती कापणी-यंत्र विक्रीस निघाले आणि ही विद्या घरात शिरली.

आजच्या व्हिनाइलमध्ये तीन थर असतात. वर पारदर्शक वाहक पत्रा, मध्ये पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा रंगीत थर आणि खाली उष्णतेने वितळणारा चिकट थर. आकृती उलटी कापून अनावश्यक भाग सोलून काढतात. उरलेला भाग कापडावर ठेवून तापवितात व दाबतात. चिकट थर वितळून धाग्यांच्या फटींत उतरतो आणि थंड होताच तेथे घट्ट होतो. ही पकड मुख्यतः यांत्रिक स्वरूपाची असते, तीत रासायनिक बंधाचा भाग अल्प असतो. सर्व दोषांचा विचार या एका वस्तुस्थितीपासून सुरू करावा लागतो.

दोषांची मीमांसा आणि उपाय

अ) अक्षर न चिकटणे : वाहक पत्रा उचलताना अक्षर त्याच्याबरोबर वर येते, तेव्हा चिकट थर पुरता वितळलेला नसतो. बहुतेक पॉलियुरेथेन व्हिनाइलला सुमारे १५० ते १६० अंश सेल्सिअस तापमान आणि १० ते १५ सेकंदांचा दाब लागतो. घरगुती इस्त्रीवर अंश लिहिलेले नसतात. कपड्यांच्या पट्टीवरील आंतरराष्ट्रीय खुणांनुसार एक ठिपका म्हणजे ११० अंश, दोन ठिपके म्हणजे १५० आणि तीन ठिपके म्हणजे २०० अंशांची कमाल मर्यादा. व्हिनाइलला हवे असलेले तापमान दोन आणि तीन ठिपक्यांच्या मध्ये पडते. त्यामुळे अंदाज दोन्हीकडे चुकू शकतो.

विजेच्या दाबाचाही येथे संबंध आहे. तापणाऱ्या तारेत निर्माण होणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास उष्णतेची निर्मिती सुमारे ६१ टक्क्यांवर येते. पहिला शर्ट नीट चिकटतो आणि लागोपाठचा तिसरा-चौथा सुटतो, याचे कारण अनेकदा हेच असते. दोन शर्टांच्या मध्ये इस्त्रीस पुन्हा तापण्यास अवधी देणे हा त्यावरील उपाय होय. गादीवर किंवा मऊ घडीवर दाब दिल्यास तो विरून जातो. सपाट लाकडी फळीवर एक पातळ सुती कापड अंथरून काम केल्यास दाब कापडापर्यंत पोहोचतो. शिवण, गुंडी किंवा काठ मध्ये आल्यास त्याच्या शेजारचा भाग दाबाविना राहतो. अशा वेळी शर्टाच्या आत घट्ट घडी घालून पृष्ठभाग समतल करावा. वाफेच्या इस्त्रीत पाणी ठेवू नये. तिच्या छिद्रांखालचा भाग कमी तापतो, म्हणून इस्त्री थोडी सरकवून पुन्हा दाबावी.

आ) धुण्यानंतर कडा उचलणे : तक्रारींत हा दोष वारंवार येतो आणि त्याचे मूळ बहुधा कापडाच्या पृष्ठभागात सापडते. नव्या कापडावर खळ, मऊपणासाठी लावलेली सिलिकॉनची द्रव्ये किंवा पाणी न धरणारा लेप असतो. चिकट द्रव्य धाग्याऐवजी या लेपाला धरते. पहिल्या धुण्यांत लेप निघतो आणि त्याच्याबरोबर अक्षरही निघते. रंगारी कोऱ्या कापडाची खळ प्रथम का काढीत, याचे उत्तर येथे मिळते. शिंप्याकडे कापड देण्यापूर्वी ते ‘पाण्यातून काढून आणा’ असे सांगण्याची रीत होती. तिच्यामागेही आटणे व खळ या दोन्हींचा विचार होता.

यासाठी दोन साध्या चाचण्या पुरेशा आहेत. छपाईच्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो लगेच शोषला गेल्यास कापड योग्य आहे. मोत्यासारखा तरंगत राहिल्यास त्यावर लेप आहे असे समजावे. खळीचा संशय असल्यास आतील शिवणीजवळ सौम्य आयोडीनचा थेंब टाकावा. पिष्टमय खळ असल्यास निळा-काळा रंग येतो. दोन्ही प्रसंगी शर्ट साध्या साबणाने धुऊन, मऊपणाचे द्रावण न वापरता, पूर्ण वाळवून मगच छपाईस घ्यावा.

इ) फुगे व सुरकुत्या : सुती धागा हवेतील ओलावा धरून ठेवतो. प्रमाण हवामानात कोरड्या सुताच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी त्यात असते. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण ०.४ टक्के असते. म्हणजे १८० ग्रॅम वजनाच्या आणि कोरड्या वाटणाऱ्या सुती टी-शर्टमध्येही जवळपास १४ ग्रॅम पाणी असते. पावसाळ्यात ते वाढते. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान १६०० पटींहून अधिक होते. व्हिनाइलखाली अडकलेली ही वाफ चिकट थर उचलते. म्हणून व्हिनाइल ठेवण्यापूर्वी रिकाम्या कापडावर काही सेकंद गरम दाब द्यावा, वाफ निघू द्यावी आणि मगच काम सुरू करावे.

धुण्यानंतर अक्षराभोवती कापड चुण्यांनी आवळलेले दिसल्यास कापड आटले असे समजावे. सुती होजिअरी आटते, व्हिनाइल आटत नाही. आधी धुतलेल्या शर्टावर हा दोष बराच कमी दिसतो.

ई) पांढऱ्या अक्षरावर रंग चढणे : लाल पॉलिएस्टर शर्टावरील पांढरे अक्षर काही तासांत किंवा दिवसांत गुलाबी होते. येथे व्हिनाइल निर्दोष असते. पॉलिएस्टर ज्या रंगांनी रंगविले जाते, ते उष्णतेने वाफ होऊन वरच्या थरात शिरतात. द प्लास यांनी छपाईसाठी वापरलेला गुण येथे उलट दिशेने काम करतो. म्हणून गडद पॉलिएस्टरसाठी १३० अंशांच्या आसपास चिकटणारे कमी तापमानाचे किंवा रंग अडविणारा थर असलेले व्हिनाइल घ्यावे आणि दाबाचा काळ वाढवून तापमान वाढविण्याचा मोह टाळावा. कापडाची जात न विचारता एकच कृती सर्वत्र वापरल्याने हा दोष उद्भवतो. निळीचे आणि आलीचे कारागीर वेगळे का असत, हे या संदर्भात अधिक चांगले समजते.

उ) डाग, चकाकी व कडेला पाझरणारा चिकटा : ही अति उष्णतेची चिन्हे आहेत. सुती कापड पिवळसर होते, पॉलिएस्टरवर चौकोनी चकाकणारा ठसा राहतो. व्हिनाइलवर इस्त्री थेट फिरवू नये, मध्ये सुती कापड किंवा टेफ्लॉनचा पत्रा ठेवावा. काही व्हिनाइलचा वाहक पत्रा गरम असताना, तर काहींचा पूर्ण थंड झाल्यावर काढावयाचा असतो. गुंडाळीवरील सूचना न वाचता काढल्यास चांगले चिकटलेले अक्षरही ताणले जाते. अक्षरे उलटी उमटणे हा दोष मात्र केवळ अनवधानाचा आहे. पारदर्शक वाहक पत्र्याची बाजू खाली ठेवून, आकृती उलटी करून कापणे हा नियम पाळल्यास तो उद्भवत नाही.

धुण्याची रीत आणि ग्राहकाचा सहभाग

वरठ्याच्या व्यवसायात कोणते वस्त्र आपटावे, कोणते नुसते खळबळावे आणि कोणते उन्हात घालू नये याचे भान होते. कपडा घरच्या यंत्रात धुतला जाऊ लागल्यावर हा विवेक ग्राहकावर येऊन पडला आणि तो त्यास कोणी शिकविला नाही. व्हिनाइलचा शर्ट पहिले २४ तास धुऊ नये. त्यानंतर तो उलटा करून थंड किंवा कोमट पाण्यात धुवावा, ब्लीच वापरू नये आणि इस्त्री उलट बाजूनेच करावी. या सूचना मराठीत छापून प्रत्येक शर्टाबरोबर देणे हा छपाईचाच भाग मानावयास हवा. खडीचे वस्त्र जपून नेसावे लागते, हे नेसणाऱ्या स्त्रीस सांगावे लागत नसे. व्हिनाइलच्या बाबतीत ते सांगावे लागते.

आर्थिक बाजू

लहान व्यवसायाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. एखाद्या शर्टाच्या विक्रीत शंभर रुपयांमागे ऐंशी रुपये खर्च व वीस रुपये नफा धरल्यास, एक शर्ट बदलून देण्यात चार शर्टांचा नफा जातो. वीस शर्टांच्या मागणीत पाच शर्ट बदलून द्यावे लागले, तर वीस शर्टांवर मिळालेले ४०० रुपये त्या पाचांच्या ४०० रुपयांच्या भरपाईत संपतात आणि मागणी पुरी करूनही हाती काही राहत नाही. मोठ्या कारखान्यात वाया जाणारा माल हिशेबात आधीच धरलेला असतो. घरातून काम करणाऱ्या स्त्रीला तो स्वतःच्या श्रमातून भरावा लागतो. शिवाय छोट्या गावात ग्राहक परिचित असतो. सुटलेले अक्षर चारचौघांत दिसते आणि पुढच्या वर्षीचे काम दुसरीकडे जाते. पाण्याचा एक थेंब टाकून पाहण्यास काही खर्च येत नाही, ही बाब या पार्श्वभूमीवर पाहावी.

निष्कर्ष

१. कापडावर मुद्रा उमटविण्याच्या सर्व पद्धतींत टिकाऊपणा मुख्यतः मुद्रा आणि धागा यांच्या संबंधावर ठरतो. तुरटीने बांधलेला रंग आणि बिब्ब्याची खूण धाग्यात शिरते. खडी आणि व्हिनाइल पृष्ठभागावर राहतात, म्हणून त्यांना पूर्वतयारी व जपणूक दोन्ही लागतात.

२. व्हिनाइल छपाईतील बरेच दोष खळ, लेप, ओलावा आणि धाग्याची जात यांकडे झालेल्या दुर्लक्षातून निर्माण होतात. तापमान व दाब यांतील चुका त्यांत भर घालतात.

३. वऱ्हाडात कापूस, रंगकाम, गिरणी आणि धुलाई यांचे ज्ञान एके काळी एकाच परिसरात नांदत होते. कृत्रिम रंग, गिरणीचे कापड आणि तयार कपडे यांमुळे हे ज्ञान विखुरले. यंत्र विकत घेता येते, पण ते आपल्याबरोबर कापडाची पारख आणत नाही.

४. स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्था, महाविद्यालयांचे गृहअर्थशास्त्र विभाग आणि महिला बचत गट यांच्या प्रशिक्षणात यंत्र चालविण्याबरोबर कापड ओळखण्याच्या चाचण्यांचा समावेश होणे इष्ट आहे. थेंबाची चाचणी, आयोडीनची चाचणी, आधी धुणे व आधी तापविणे या चार गोष्टी एका दिवसात शिकविता येतात.

परतवाड्यातील एखाद्या घरात तयार होणारा नावाचा शर्ट ही वरवर पाहता किरकोळ वस्तू आहे. तथापि त्यावरील अक्षर टिकावे यासाठी जे करावे लागते, ते या परिसरातील रंगारी आपल्या परीने करीतच होते. कोरे कापड आधी पाण्यातून काढण्याची त्यांची शिस्त आजच्या कारागिरानेही स्वीकारण्यासारखी आहे.